पोचेपर्यंत केर काढायचा नाही

माझी मुलगी ऑकलंडला राहते. ऑकलंड म्हणजे न्यूझीलंड, हे मला दर वेळी सांगावं लागतं, कारण आमच्या कॉलनीत परदेश म्हणजे अमेरिका असाच समज आहे आणि न्यूझीलंड म्हटलं की लोक लगेच क्रिकेटवर घसरतात. मी आधी चांदवडला आणि मग नाशिकमध्ये, असा उभा जन्म शाळेत भूगोल शिकवला. जगाच्या नकाशावर कुठलं गाव कुठे आहे हे मला कुणाला विचारावं लागत नाही. तरी ती परत निघाली त्या दुपारी, टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी वळून दिसेनाशी झाल्यावर मी घरात आलो आणि फोनवर पहिली गोष्ट शोधली ती नाशिक ते ऑकलंड अंतर किती आणि वेळ किती.

उत्तर तयारच होतं. बारा हजारांच्या वर किलोमीटर, विमानाने पंधराएक तास. सोबत नकाशा, आणि त्यावर ओझरच्या विमानतळापासून निघालेली एक बाकदार रेघ. हिंदी महासागर ओलांडून, ऑस्ट्रेलियावरून आरपार, पुन्हा थोडं पाणी आणि आलं ऑकलंड. मला रागच आला. असं विमान नाहीच मुळी. ओझरहून ऑकलंडला थेट कोण नेतंय? खाली बारीक अक्षरांत कबुली होती की हा वेळ सरळ रेषेत, सरासरी वेगाने, कुठेही न थांबता धरलेला आहे. माझ्या वर्गात एखाद्या पोराने असं गणित करून आणलं असतं तर मी त्याला उभं केलं असतं. खरा प्रवास म्हणजे कसारा घाट, भिवंडीजवळची कोंडी, मुंबईच्या विमानतळावर तीन तास आधी हजर राहणं, सिंगापूरला उतरून ताटकळणं, दुसरं विमान, तिकडची तपासणी, आणि मग तिचं घर. दारापासून दारापर्यंत धरलं तर दीड दिवस कुठे गेला नाही.

आणि हा दीड दिवस आमच्या घरात केर काढायचा नसतो.

हा नियम माझ्या बायकोचा. ती गेल्या वर्षी गेली, नियम राहिला. घरातलं माणूस प्रवासाला निघालं की ते मुक्कामी पोचेपर्यंत त्याच्यामागे केर काढायचा नाही. काढला म्हणजे आपण त्याचं पाऊल घरातून पुसून टाकलं. पुष्कळ घरांत हे पाळतात, पण तासाभराने झाडू हातात येतोच. आमच्याकडे तसली सवलत नव्हती. मी रोज सकाळी एसटीने चांदवडला जायचो तेव्हा ही रेडिओवरच्या दहाच्या बातम्या संपेपर्यंत केरसुणीला हात लावत नसे. आता पोचले असतील, असा अंदाज करायचा आणि मग पदर खोचायचा. एकदा बस पिंपळगावला बंद पडली आणि मी दुपारपर्यंत रस्त्यावर उभा राहिलो. संध्याकाळी तिला म्हटलं, बघ, मी पोचलो नव्हतो आणि तू केर काढलास, तरी मला काही झालं का? ती म्हणाली, "त्या दिवशी पाहुणे यायचे होते म्हणून मी लवकर काढला होता. तरीच बस बंद पडली."

मुलगी पहिल्यांदा ऑकलंडला निघाली तेव्हा मी बायकोला अंतर समजावून सांगायला पृथ्वीगोल काढला होता. शाळेत करायचो तसा दोरा लावला. एक टोक नाशिकवर, दुसरं ऑकलंडवर. दोरा काढून सरळ केला तर भरला जेमतेम दीड वीत. ती तो दोरा हातात घेऊन बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "एवढ्याला पोचायला किती वेळ लागतो?" मी सांगितलं. ती म्हणाली, "मग उद्या रात्रीपर्यंत केर राहील." मी कपाळाला हात लावला. घरभर बांधाबांधीचा पसारा, शेंगांची टरफलं, दोऱ्याचे तुकडे, आणि त्यात आम्ही दोघं पाय उचलून वावरतोय. मी विचारलं, विमानाच्या पंख्यात आपला केर अडकतो का? "तुम्ही तुमचे नकाशे बघा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिच्या फोनवर मुलीचा मेसेज आला. पोचले. केर काढ. बायको उठली, आतल्या खोलीपासून दारापर्यंत सगळं घर झाडलं, हात धुतले, आणि एका बोटाने अक्षरं शोधत उत्तर पाठवलं: काढला. पुढे मुलगी जितक्या वेळा आली आणि गेली, तितक्या वेळा हे असंच झालं. या दोघींच्या देवघेवीत माझं काही काम नसे. फोन आला की मी विचारायचो, "हवा कशी आहे तिकडे?" आणि उत्तर यायच्या आत फोन बायकोकडे द्यायचो. मग ती तासभर बोलायची आणि नंतर त्यातलं मला काय काय कळवायचं ते ठरवायची. मुलीची बढती मला अशी कळली, तिचं आजारपणही बरं झाल्यावर असंच कळलं. मला त्यात काही उणं वाटलं नाही. घरात मुलगी होती आणि तिची खबर मिळत होती.

बायको गेल्यावर ध्यानात आलं की आम्हा दोघांना एकमेकांशी बोलायची सवयच नाही. दर रविवारी फोन यायचा. हवा कशी आहे, बरी आहे. जेवलात का, जेवलो. मग दोघंही गप्प. फोन पुढे द्यायला कुणी नसे. मला आत कुठेतरी एक भीती बसली होती आणि ती मी इथे सरळच सांगतो. मुलगी आईची होती, माझ्याकडे ती आईमार्फत यायची. आता आई नाही, तर हळूहळू रविवारचा फोन महिन्यावर जाईल, महिन्याचा दिवाळीवर, आणि ती माझ्याशी भांडणार नाही, रुसणार नाही, नुसती लांब लांब जाईल. बारा हजार किलोमीटरचं मला काही वाटत नव्हतं. धास्ती होती ती याची.

वर्षश्राद्धाला ती तीन आठवड्यांची रजा काढून आली. रामकुंडावर विधी झाले. गुरुजींनी तिला मागे बसायला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मी इथेच बसते," आणि माझ्याशेजारी बसली. नंतरचे दिवस तिने कपाटं आवरण्यात घालवले. मी काही काढू देत नव्हतो, ती काही ठेवू देत नव्हती. आईचा फोन हातात आला तेव्हा तिने विचारलं, "हा नंबर बंद करून टाकायचा का?" मी म्हटलं, नको, गॅस त्याच नंबरावर बुक होतो. खरंच होतो. सिलिंडर संपला की तो फोन काढायचा, चार्जिंगला लावायचा, गॅस नोंदवायचा आणि पुन्हा बंद करून टेबलाच्या खणात टाकायचा, अशी माझी पद्धत आहे. तिने फोन खणात ठेवून दिला.

निघायच्या आदल्या दिवशी बॅग भरायला घेतली. वजनकाट्यावर बॅग ठेवायची, जास्त भरली की उघडायची, काहीतरी काढायचं, पुन्हा ठेवायची. आईची येवल्याची पैठणी घेऊन जा असं मी दोनदा म्हटलं. तिने पैठणी उलगडली, पुन्हा घडी केली आणि कपाटात ठेवली. त्याऐवजी आईची रोजची नेसायची एक कॉटनची साडी घेतली, धुऊन धुऊन मऊ झालेली. तिच्याशेजारी चिवड्याची पाकिटं कोंबली. मी म्हटलं, साडीला वास लागेल. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही जरा बसा."

मला बसवेना. मग मी तिचे बूट घेतले. न्यूझीलंडवाले मातीच्या बाबतीत फार कडक. बुटाच्या तळव्याला चिखल दिसला तर विमानतळावर अडवून ठेवतात, बाहेरची माती म्हणजे बाहेरची कीड. ती पंचवटीत आणि गोदावरीच्या काठाने बरीच हिंडली होती, बुटांच्या खाचांमध्ये माती वाळून बसली होती. मागच्या ओट्यावर बसून मी जुन्या दात घासायच्या ब्रशने एक एक खाच कोरून काढली. असली कामं मला जमतात. तिने येऊन बघितलं, म्हणाली, "एवढं काही नाही बघत ते." मी म्हटलं, बघितलं तर? माती ओट्यावर पडली ती तशीच राहिली.

मुंबईपर्यंत मी सोबत जाणार होतो. ती म्हणाली, "कशाला दगदग, परत एकटेच याल." मला वाटलं, हिला मी नको आहे. म्हणून मी आग्रह केला नाही. निघताना दही द्यायचं मी विसरलो नाही. पण बायको चमच्याने द्यायची, मी घाईत पळीने दिलं आणि ते तिच्या कोपरापर्यंत ओघळलं. ती हसली, हात धुऊन आली, पाया पडली. मी म्हटलं, "पोचलीस की कळव." ती म्हणाली, "हो. येते." मिठी वगैरे आमच्याकडे नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला येतात त्या मावशी आल्या. त्या पेठ तालुक्याकडच्या. बोलायला सडेतोड. त्यांनी झाडू काढला तर मी म्हटलं, आज केर राहू द्या, भांडी तेवढी घासा.

"का हो काका? लय पसारा झालाय."

"असू द्या. ती पोचली की मग."

"आमच्यात बी असतं तसं," त्या म्हणाल्या. "पण आमचं माणूस जातं नाशिकला. दुपारपर्यंत होतं मोकळं." आणि भांडी घासून गेल्या.

विमान कुठे आहे ते फोनवर दिसतं हे मला मुलीनेच शिकवलं होतं. दिवसभर मी ते इवलंसं विमान निळ्या पाण्यावरून सरकताना बघत होतो. पाच मिनिटं बघितलं तर हलत नाही, चहा करून आलो की बोटभर पुढे गेलेलं. संध्याकाळी ते उतरलं. उतरल्याचं लिहूनही आलं. म्हणजे मला कळलं होतं. ज्याला पोचणं म्हणतात ते झालं होतं. केर काढायला हरकत नव्हती. पण विमान पोचलं हे मला त्या यंत्राने सांगितलं होतं, मुलीने नाही. मी वाट बघत बसलो. रांग असेल. बॅग यायला वेळ लागला असेल. मग तिकडचं घड्याळ बघितलं, मध्यरात्र उलटून गेलेली. झोपली असेल बिचारी, असं म्हणून मीही दिवा मालवला.

दुसरा दिवस गेला आणि काहीच आलं नाही. फोन करायला मला कुणी धरलं नव्हतं. पण मी करणार नव्हतो. कळवायचं तिने होतं, मी सांगितलं होतं, ती हो म्हणाली होती. दुपारपर्यंत मला राग होता आणि राग बरा असतो, वेळ जातो. दुपारनंतर तो ओसरला आणि खाली जे होतं ते वर आलं. आईला ती विमानातून पाय बाहेर टाकायच्या आत कळवायची. आईला कळवलं नाही तर आई केर काढणार नाही हे तिला माहीत होतं. बाबा काय, बाबा थट्टा करणारे. बाबांच्या घरात केर निघाला काय आणि न निघाला काय. ती पोचली होती, तिकडे तिचं सगळं सुरू झालं असेल, आणि नाशिकला कुणाला सांगायचं राहिलंय असं तिला वाटलंही नसेल. मला फार एकटं वाटलं. बायको गेली तेव्हा घर माणसांनी भरलं होतं, तेव्हा इतकं वाटलं नव्हतं.

संध्याकाळी शेजारच्या वहिनी वाटीभर भाजी घेऊन आल्या. दारातूनच त्यांनी घर बघितलं. चिकटपट्टीचे तुकडे, खोक्यांचे फाटके पुठ्ठे, चिवड्याचा चुरा आणि त्याला लागलेल्या मुंग्यांची रांग. त्यांचा चेहराच बदलला. "भाऊजी, असं करून कसं चालेल?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आमच्या बाईला पाठवू का उद्या?" मी म्हटलं, नको, बाई आहे. मग का, हे मला सांगता येईना. चाळीस वर्षं ज्या गोष्टीला हसलो, तीच मी धरून बसलोय हे कुणाला सांगणार? त्या भाजी ठेवून गेल्या. रात्री कॉलनीत काय चर्चा झाली असेल ते मला न ऐकता ठाऊक आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी मावशी आल्या, मुंग्या बघितल्या आणि भांड्यांकडे वळल्या. त्या गेल्यावर मी दुसरा चहा घेत होतो तेव्हा फोन वाजला.

"बाबा, तुम्ही रागावलात का?"

"मी कशाला रागावू? कळवायचं तू होतंस."

"कळवलं की मी. बॅग घेतली आणि पहिला मेसेज तुम्हाला केला. तुमचं उत्तरच नाही. दोन दिवस फोन उशाशी घेऊन झोपतेय. मला वाटलं मुंबईला नको म्हटलं ते लागलं तुम्हाला."

"माझ्याकडे काही आलेलं नाही."

"असं कसं? थांबा, बघते."

ती बघत होती. तिच्याकडे संध्याकाळ होत आली होती, कुठलासा पक्षी सारखा ओरडत होता. मी चहाचा कप खाली ठेवला.

"बाबा," ती म्हणाली. "आईला गेलाय."

मी टेबलाकडे बघितलं. खण बंद होता, आत फोन बंद होता. मी दोन दिवस त्याच टेबलाशी बसून जेवलो होतो.

"एकच टिक आहे," ती म्हणाली. "मी उघडून बघितलंच नाही. नुसती उत्तराची वाट बघत बसले. झोपेत होते बाबा, बोट आपोआप तिथेच गेलं."

"काय लिहिलंयस?"

"नेहमीचंच."

मग आम्ही दोघंही काही बोललो नाही. पण हे रविवारच्या फोनसारखं गप्प राहणं नव्हतं. ती रडत होती आणि मला ते ऐकू येत होतं, आणि माझंही तिला ऐकू येत असणार. थोड्या वेळाने तिने नाक ओढलं.

"मग तुम्ही केर?"

"नाही काढला."

"तीन दिवस?"

"मुंग्या लागल्यात," मी म्हटलं. "शेजारच्या वहिनींना वाटतंय माझं डोकं फिरलं."

ती रडता रडता हसली. "काढा ना आता. मी आहे फोनवर."

मी फोन टेबलावर ठेवला, तिचा आवाज मोठा केला आणि केरसुणी घेतली. आतल्या खोलीपासून सुरुवात केली, बायको करायची तशी. मला सवय नाही, धूळ पुढे जाण्याऐवजी माझ्याच पायांवर येत होती. फोनमधून आवाज आला, "बाबा, कोपरे घ्या." मी कोपरे घेतले. पलंगाखालून तिच्या केसांचा गुंता निघाला, लांब केस, तिच्या आईसारखे. नव्या कुर्त्याचं लेबल निघालं. चिवड्याचा चुरा, दोरे, चिकटपट्टी. मग मागच्या ओट्यावर गेलो. तिच्या बुटांची माती तिथे तशीच पडली होती, खाचांच्या आकाराचे लहान लहान तुकडे. तिथे मात्र माझा हात चालेना. टॅक्सी वळली तेव्हा ती गेली असं सगळे म्हणतील, पण मला ती आत्ता जात होती. बायको दर वेळी पदर खोचून हेच करायची, आणि मी पेपर वाचत असायचो.

"झालं का?" फोनमधून तिने विचारलं.

मी माती सुपलीत घेतली. बाहेर टाकून आलो, हात धुतले, फोन उचलला.

"काढला," मी म्हटलं.

तिकडे फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला, मग काहीतरी जड ओढल्याचा, आणि मग चेन उघडल्याचा. लांबलचक चेन, एका बाजूने सुरू होऊन वळसा घेऊन दुसऱ्या बाजूपर्यंत.

"काय गं ते?"

"बॅग. आईचं 'काढला' आल्याशिवाय मी कधी उघडत नाही. दोन दिवस तशीच उभी आहे दारात. इथे कपाटात राहिलेले जुने कपडे घालून कामावर जातेय." ती आत काहीतरी चाचपत होती. कागद वाजले. मग ती एकदम हळू म्हणाली, "बाबा, साडीला चिवड्याचा वास लागलाय."

"तरी मी सांगत होतो," मी म्हटलं. "बाहेर टाक जरा वाऱ्यावर. उन्हात नको, रंग जाईल. हवा कशी आहे तिकडे?"

ती सांगायला लागली. मी खुर्ची ओढली आणि फोन कानाला धरून बसलो.